अंधारात रेघ ओढायची तर : ईएल वायर आणि कपडे

ईएल वायर म्हणजे इलेक्ट्रोल्युमिनेसंट वायर, वीज दिली की अख्ख्या लांबीभर चमकणारी बारीक लवचिक वायर. ती लावलेला कॉस्च्यूम बघितला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती मीटर वायर लागली गं?" आणि माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो, कारण आकडा त्यांच्या अंदाजापेक्षा फारच कमी निघतो. ह्या वायरीबद्दल मला जे काय सांगायचंय ते खरं तर इतकंच आहे की ही वायर उजेड पाडत नाही, रेघ काढते. एलईडीच्या माळांची सवय असलेली माणसं हिला पण माळ समजून अंगभर गुंडाळतात आणि मग लांबून बघितलं तर माणूस दिसतच नाही, नुसता चमकणारा गुंता चालत येताना दिसतो.

काळा टीशर्ट, काळी पँट, त्यावर दोन हात, दोन पाय, पाठीच्या कण्याच्या जागी एक सरळ रेघ आणि डोक्याभोवती गोल, एवढ्यावर अंधारात काडीमाणूस उभा राहतो आणि तो हलायला लागला की बघणाऱ्यांच्या तोंडून आपोआप हसू फुटतं. हा सगळ्यात सोपा कॉस्च्यूम आहे आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात भारी. कारण बघणाऱ्याचा मेंदू उरलेलं सगळं स्वतःच भरून काढतो, खांदा, कंबर, पोट काहीच दाखवावं लागत नाही. त्यामुळे कुठलाही कॉस्च्यूम करायचा असला की मी आधी कागदावर पेन न उचलता चित्र काढून बघते. जे चित्र सातआठ रेघांत ओळखू येत नाही ते वायरीत पण ओळखू येणार नाही, हे लिहून घ्या.

आता ती आतून कशी असते ते थोडं सांगते, कारण ते कळलं की पुढची सगळी पथ्यं आपोआप कळतात. मधोमध तांब्याची एक तार. तिच्यावर फॉस्फरचा थर, म्हणजे झिंक सल्फाइड आणि त्यात किंचित तांबं मिसळलेलं. त्यावर वीज वाहणारा पण आरपार दिसणारा पातळ लेप, त्याच्याभोवती केसाएवढ्या एकदोन बारीक तारा पिळात गुंडाळलेल्या, वर पारदर्शक पीव्हीसी आणि सगळ्यात बाहेर रंगीत पीव्हीसी. मधली तार आणि बाहेरच्या बारीक तारा ह्यांच्यात उलटसुलट होणारा करंट म्हणजे एसी दिला की मधला फॉस्फर चमकतो. फिलामेंट नाही, गॅस नाही, त्यामुळे तापायचा प्रश्न येत नाही आणि सगळ्या बाजूंनी सारखाच उजेड दिसतो. झिंक सल्फाइडची पूड विजेच्या क्षेत्रात चमकते हे फ्रान्समधे जॉर्ज देस्त्रियोनं १९३६ मधेच दाखवलं होतं. अपोलो यानांतल्या कॉम्प्युटरवर जे हिरवे आकडे दिसायचे ते ह्याच तत्त्वावर आणि टायमेक्सच्या घड्याळांची १९९२ साली आलेली इंडिग्लो डायल पण हीच. तारेच्या रूपात ती नंतर आली आणि मग शिवणकाम करणाऱ्यांच्या हाती लागली.

विजेच्या हिशोबानं बघितलं तर ही वायर म्हणजे एक लांबच लांब कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग आहे. बॅटरी थेट जोडून काही होत नाही, मधे ड्रायव्हर लागतो, काही जण त्याला इन्व्हर्टर म्हणतात. दोन पेन्सिल सेलच्या तीन व्होल्टपासून तो साधारण शंभर व्होल्टच्या आसपास एसी बनवतो आणि तोही घरातल्या पन्नास हर्ट्झचा नाही, हजार दोन हजार हर्ट्झचा किंवा त्याच्याही वरचा. आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही, करंट फार कमी असतो, पण उघडं टोक बोटाला लागलं तर चांगला चिमटा बसतो आणि घामेजल्या अंगाला जास्तच बसतो, म्हणून टोक बंद करणं हा विषय गंभीरपणे घ्यायचा, त्यावर पुढे येतेच.

ड्रायव्हर आणि वायरीची लांबी ह्यांची जोडी जमवायला लागते. प्रत्येक ड्रायव्हरवर किती मीटरपासून किती मीटरपर्यंत असं लिहिलेलं असतं आणि लोक त्यातला फक्त वरचा आकडा वाचतात. वायर जास्त झाली की मंद दिसते हे सगळ्यांना पटतं, पण खूप कमी वायर लावली की उलट होतं, व्होल्टेज चढतं, वायर मस्त झगझगीत दिसते आणि आयुष्य मात्र झपाट्यानं कमी होतं. वायर न जोडता ड्रायव्हर नुसताच चालू ठेवणं तर सगळ्यात वाईट, साधे ड्रायव्हर तसे मरतात. आणि दोन हातांना दोन, पायांना दोन असे फाटे काढले तर ते सगळे समांतर जोडलेले असतात आणि लांबी मोजताना सगळ्यांची बेरीज करायची, सगळ्यात लांब फाट्याची नाही.

फ्रीक्वेन्सी, म्हणजे तो हर्ट्झचा आकडा, वाढवली की वायर जास्त उजळते आणि रंग पण सरकतो, आकाशी-हिरवट वायर निळ्याकडे झुकते. म्हणून एकाच ग्रूपमधल्या चार जणांनी चार वेगवेगळे ड्रायव्हर वापरले तर एकाच रिळाची वायर चौघांच्या अंगावर चार छटांची दिसू शकते. ग्रूप डान्स असेल तर सगळ्यांना एकाच प्रकारचा ड्रायव्हर आणि शक्यतो सारखीच लांबी, एवढं सांभाळा.

आणि हो, आवाज. ड्रायव्हर गुणगुणतो. डासासारखा बारीक आवाज येतो, साध्या ड्रायव्हरमधे वायरीची लांबी बदलली की सूर पण बदलतो. मोठ्ठ्या म्युझिकमधे कोणाला ऐकू येत नाही, पण नाटकातल्या शांत प्रवेशात, शेजारचं पात्र हळूच काही बोलतंय आणि ह्याच्या कमरेतून कुईं चालू आहे, हे फार विनोदी होतं. फोमच्या तुकड्यात गुंडाळून जाड खिशात ठेवला तर बराच दबतो. कॉलर माईक असेल तर ड्रायव्हर आणि माईकची वायर दोन टोकांना ठेवायच्या आणि प्रयोगाआधी साउंडवाल्यासमोर एकदा चालू करून दाखवायचा, तोच काय ते सांगेल.

रंगांबद्दल एक गोष्ट. फॉस्फर मुळात निळ्या-हिरव्या घरातला उजेड देतो, बाकीचे बरेचसे रंग बाहेरच्या नळीतल्या रंगामुळे येतात. त्यामुळे आकाशी, हिरवा हे सगळ्यात उठावदार आणि लाल, जांभळा तुलनेनं मंद. लाल रंगाचा राक्षस करायचा बेत असेल तर थोडी जाड वायर घ्या किंवा दोन रेघा शेजारी शेजारी लावा. पांढरी वायर बंद असताना बऱ्याचदा गुलाबीसर दिसते, ती खराब नाहीये, पेटवली की पांढरी होते. वायर रंग बदलू शकत नाही, जी घेतली तीच राहणार. कॉस्च्यूममधे रंग फिरते हवे असतील, दिवसाउजेडी दिसायला हवं असेल किंवा लांबवर झळकायला हवं असेल तर सरळ एलईडीकडे जा, उगाच हट्ट नको. ईएल वायर स्टेजवरचे दिवे लागले की गायबच होते, तिला अंधारच पाहिजे.

जाडीत साधारण एक मिलिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत मिळते. कपड्यांसाठी २.३ मिलिमीटरच्या आसपासची बरी. एक मिलिमीटरची फार गोड दिसते, चेहऱ्याच्या मुखवट्यावरच्या भुवया, बारीक नक्षी ह्याला ती छान, पण तुटते पण पटकन. पाच मिलिमीटरची ताठ असते, टोपीच्या कडेला, ढालीला, पंखांच्या सांगाड्याला ठीक, बाहीवर लावलीत तर हात वाकवताना वायरच तुम्हाला विरोध करेल.

शिवण्यावर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक कॉस्च्यूम तिथेच गचकतात. ग्लू गन सगळ्यांच्या डोक्यात पहिली येते. पीव्हीसीवर हॉट ग्लू नीट धरत नाही, दोनतीनदा वाकलं की पापुद्र्यासारखं सुटून येतं, आणि पटकन चिकटणारा फेविक्विकसारखा गोंद लावला तर वायर त्या जागी कडक होऊन नेमकी तिथेच तुटते. हातानं शिवणं हाच उपाय, आणि दोरा म्हणजे मासे पकडायची पारदर्शक नायलॉन दोरी, बारीकातली बारीक. सुई वायरीच्या एका बाजूनं वर काढायची, वायरीवरून दोरा घ्यायचा, दुसऱ्या बाजूनं खाली. सरळ भागात दीड दोन सेंटिमीटरला एक टाका, वळणावर अर्ध्या सेंटिमीटरला. टाका ओढून आवळायचा नाही, वायर टाक्याखालून सरकली पाहिजे, नुसती वर उठायला नको. नायलॉनची गाठ सुटते म्हणून दुहेरी गाठ मारून तिच्यावर गोंदाचा एक थेंब, तिथे गोंद चालतो. आणि टाचणी लावताना किंवा सुई घालताना वायरीतून आरपार घालू नका, आतली तार आणि बाहेरची तार एकमेकींना टेकली की शॉर्ट.

टाके घालायच्या आधी वायर तात्पुरती लावून, पेटवून, खोलीतला दिवा घालवून कोणालातरी आठदहा पावलं लांब उभं करून बघायला सांगा. खडूनं आखलेली रेघ उजेडात सुरेख दिसते आणि अंधारात भलतीच दिसते, असं कायम होतं. कपडा काळा आणि न चमकणारा हवा. सॅटिन चमकतं, त्यात वायरीचं प्रतिबिंब पडून रेघेशेजारी दुसरी पुसट रेघ दिसते. लायक्रा ताणला जातो आणि वायर ताणली जात नाही, म्हणून अंगाबरोबर ताणणारा कपडा असेल तर तो घालूनच आखणी करायची, टेबलावर पसरून नाही. नाहीतर कपडा चढवताना टाके उसवतील किंवा वायर, दोन्हीपैकी एक जाणारच.

कोपर आणि गुडघा. ह्या दोन जागांनी जेवढ्या वायरी मारल्यात तेवढ्या कशानंच मारल्या नसतील. कोपराच्या बाहेरच्या बाजूनं वायर नेली तर हात दुमडताना ती ताणली जाते, आतल्या बाजूनं नेली तर चुरगळते. हाताच्या बरोबर कडेनं, जिथे बाहीची शिवण आहे तिथून नेली तर हात सरळ असो की वाकलेला, लांबी जवळपास तेवढीच राहते. पँटचंही तसंच, बाहेरच्या शिवणीवरून सरळ खाली. समोरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. शिवाय सांध्याच्या वरखाली चार बोटं टाकेच घालायचे नाहीत, त्याऐवजी काळ्या कापडाच्या दोनतीन सैल लूप लावायच्या आणि वायर त्यातून मोकळी सरकू द्यायची. नाचणाऱ्या माणसाच्या अंगावर ही वायर टिकते ती एवढ्यामुळेच.

वायर काटकोनात वळत नाही. चांदणीचं टोक, अक्षराचा कोपरा असं काही हवं असेल तर जबरदस्तीनं दुमडू नका, आतल्या त्या बारीक तारा तुटतात आणि तिथून पुढे अंधार. त्यापेक्षा कोपऱ्यावर कापडाला भोक पाडायचं, वायर मागे घालायची, मागच्या बाजूला आरामात एक गोल वळसा देऊन त्याच भोकातून परत पुढे आणायची. समोरून कोपरा धारदार दिसतो आणि वळसा मागे लपतो. शब्दांतली मधली जोडणारी रेघ दिसायला नको असेल तर ती पण अशीच मागून न्यायची किंवा त्यावर काळी श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी चढवायची. आणि जिथे उजेड नकोच आहे, म्हणजे कमरेच्या ड्रायव्हरपासून खांद्यापर्यंत वगैरे, तिथे ईएल वायर कशाला वाया घालवायची, साधी लवचिक दोन पदरी वायर वापरा.

आता सोल्डरिंग. तयार कनेक्टर लावलेली वायर घेतली तर ह्यात पडायची गरज नाही, पण ज्याला मनासारखे तुकडे करायचेत त्याला हे यायलाच हवं, आणि भीती वाटते तेवढं ते अवघड नाही, फक्त चिकाटी आणि चांगला उजेड लागतो. टोकापासून दोन तीन सेंटिमीटरवर रंगीत नळीला ब्लेडनं गोल हलकीशी खूण करायची, दाबायचं नाही, आणि नळी नखानं ओढून काढायची. आतली पारदर्शक नळी पण तशीच, इथे मात्र श्वास रोखून, कारण तिच्या लगेच खाली त्या केसाएवढ्या तारा असतात आणि ब्लेड जरा खोल गेलं की त्या गेल्या, परत पहिल्यापासून. त्या तारा दिसल्या की बोटानं अलगद उलगडून मागे वळवायच्या. मग उरतो फिकट रंगाचा फॉस्फर, तो ब्लेडच्या पाठीनं खरवडला की पावडर झडते आणि खाली लालसर तांबं दिसायला लागतं. खरवडणं पूर्ण झालं पाहिजे, फॉस्फर राहिला तर सोल्डर धरत नाही. मग रंगीत नळीच्या टोकावर तांब्याच्या चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा, बारीक तारा त्या पट्टीवर आणून सोल्डरचा ठिपका ठेवायचा, सोल्डरिंगची गरम सळई जास्त वेळ टेकवली तर खालचं पीव्हीसी वितळतं, तेव्हा टेकव आणि उचल. कनेक्टरची एक वायर ह्या पट्टीला, दुसरी मधल्या तारेला. मधल्या जोडावर बारीक श्रिंक स्लीव्ह, मग सगळ्यावर मिळून मोठी, आणि ह्या स्लीव्ह सोल्डर करायच्या आधी वायरीत ओवून ठेवायच्या असतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी... असो.

जोड झाला की मल्टिमीटरनं, म्हणजे वीज मोजायच्या यंत्रानं, कनेक्टरच्या दोन वायरी एकमेकींशी तपासा. बीप वाजली तर शॉर्ट आहे, वाजायला नको. मीटरमधे कपॅसिटन्स मोजायची सोय असेल तर अजून चांगलं, आकडा लांबीच्या प्रमाणात येतो, म्हणजे दोन मीटरच्या तुकड्याचा आकडा एक मीटरच्या दुप्पट यायला हवा, कमी आला तर मधे कुठेतरी तुटलंय. दुसरं टोक, जिथे वायर संपते, तिथे बारीक तारा एखादा मिलिमीटर मागे सरकवून त्या मधल्या तारेपासून वेगळ्या आहेत ना ते बघायचं, गोंदाचा थेंब टाकायचा आणि वर श्रिंक स्लीव्हची टोपी. दमट हवा आत शिरली की फॉस्फर हळूहळू मरतो, काळपट डाग पडतात, तेव्हा ही टोपी विजेचा चिमटा बसू नये म्हणून आणि ओल आत जाऊ नये म्हणून पण.

कॉस्च्यूम तुकड्यातुकड्यांत करा. टोपी वेगळी, शर्ट वेगळा, पँट वेगळी, मधे ओढलं की सुटणारे कनेक्टर. त्याला दोन कारणं, एक म्हणजे कोणाचा पाय वायरीत अडकला तर कनेक्टर सुटेल, वायर तुटणार नाही. दुसरं कारण असं की माणसाला कॉस्च्यूम घालून चार तास काढायचे असतात आणि मधे कधीतरी बाथरूमला जावं लागतं, हा विचार डिझाइन करताना कोणीच करत नाही. ड्रायव्हर कमरेला आतल्या खिशात, स्विच हाताला अंधारात चाचपून सापडेल असा. कनेक्टरजवळची वायर सगळ्यात आधी तुटते तर तिथे एक छोटा सैल वळसा ठेवून तो वळसा कापडाला शिवून टाकायचा, ओढ बसली तर ती शिवणीवर जाते, सोल्डरवर नाही.

ड्रायव्हरला बहुतेक वेळा तीन मोड असतात, स्थिर, हळू लुकलुक, जलद लुकलुक. लुकलुकणारा मोड मला अजिबात आवडत नाही, रेघ डोळ्यात बसायच्या आत विझते आणि समोरच्याला त्रास होतो तो वेगळाच, पटकन लुकलुकणाऱ्या उजेडानं काही लोकांना फिट येऊ शकते तेव्हा गर्दीत तर नकोच. त्यापेक्षा सगळं बंद ठेवून एका ठोक्याला एकदम पेटवायचं, स्टेजच्या ह्या टोकाला एक जण विझला आणि त्याच क्षणी त्या टोकाला तसाच दुसरा पेटला की प्रेक्षकांना वाटतं एकच माणूस उडी मारून गेला. ह्यासाठी भारी सिस्टीम लागतेच असं नाही, हातातला स्विच आणि चांगली प्रॅक्टिस असली तरी जमतं.

फोटो काढताना फोन आपणहून एक्सपोजर वाढवतो आणि रेघ पांढरीफटक होऊन काळे कपडे करडे दिसायला लागतात. स्क्रीनवर रेघेवर बोट टेकवून उजेड खाली ओढा, रंग लगेच परत येतो. रिचार्जेबल सेल वापरत असाल तर ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, वायर किंचित मंद दिसेल, चालतं तेवढं, पण कार्यक्रमाच्या दिवशी मी नवे साधे सेलच घालते आणि खिशात एक जोडी जास्तीची.

वायर किती वर्षं टिकते असं विचारतात. कित्येक हजार तास पेटवल्यावर उजेड अर्ध्यावर येतो, पण कॉस्च्यूममधे तेवढे तास भरायच्या आधी ती कुठेतरी दुमडून तुटते, त्यामुळे तो हिशोब सोडा. ठेवताना घडी घालायची नाही, हँगरला टांगायचं किंवा मोठा सैल गोल करायचा, ऊन आणि ओल दोन्हीपासून लांब, आणि सेल काढून. घामाचा वास यायला लागला तर ड्रायव्हर काढून, कनेक्टरवर प्लास्टिक बांधून, कपडा आतल्या बाजूनं ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमधे अजिबात नाही, आणि ज्यांच्या घरी कपडे धुणारं माणूस वेगळं आहे त्यांनी तशी चिठ्ठीच पिन करून ठेवा, बाहीला, वायरीला नाही.